दीडशे वर्षांचं घर, एक ओली भिंत आणि तीन सल्लागार

उंबरठा
पणजोबांच्याही आधी कुणीतरी बांधलेलं आमचं घर नऊ वर्षं कुलपात होतं. आता आम्ही दोघं तिथे जाऊन राहायचं म्हणतोय. कागदपत्रांवरून वय दीडशेच्या आसपास निघतं. भिंती दोन फूट जाड, खाली घडीव दगड, वर वीट, सगळं चुन्यात. मजल्याला कडीपाट (लाकडी तुळया आणि वर फळ्या), वर कौलं.

दुखणी सांगतो. पूर्वेच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल आणि लोणा (भिंतीवर फुटणारे पांढरे क्षार), हात लावला की पोपडे हातात येतात. पंचवीसेक वर्षांपूर्वी याच भिंतीला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता, तोही ओलीसाठीच. जिन्याशेजारी एक तिरकी भेग आहे, नख सहज आत जातं. आणि मधल्या तुळईचं भिंतीतलं टोक ठोकलं की बद्द वाजतं.

तिघांना दाखवलं. पहिला दारातूनच म्हणाला, पाडा. दुसरा म्हणाला, छप्पर उतरवून स्लॅब टाकू आणि भिंतींना पुन्हा जाड सिमेंट मारू. तिसऱ्याकडे भिंतीला भोकं पाडून भरायचं रसायन होतं, बाकी कशात त्याला रस नव्हता. तिघांपैकी एकानेही घराला बाहेरून चक्कर मारली नाही, हे मला परत आल्यावर सुचलं.

सुरुवात कुठून करू? ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा. तात्त्विक सल्ला नको. (थोडा चालेल.)

निवांत
रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडे हाच घोळ आहे, फक्त भिंत पश्चिमेची.

चुनखडी
उंबरठा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच शेवटून दुसऱ्या ओळीत आहे. बाहेरून चक्कर मारा. जोरदार पाऊस पडत असताना, छत्री घेऊन. पन्हळ कुठे गळते, पागोळ्या भिंतीपासून किती अंतरावर पडतात, पाणी घराकडे येतं की घरापासून लांब जातं, भिंतीच्या बुडाशी माती किती चढली आहे, हे सगळं वहीत लिहून काढा. जुन्या घराच्या दहा दुखण्यांतली आठ पाण्यापाशी येऊन थांबतात. तुळईचं टोकही बहुधा त्यातलंच निघेल.

आता सिमेंट. वीट, मऊ दगड, चुना या सगळ्यांत बारीक छिद्रं असतात. जमिनीतलं पाणी त्यांतून दिव्याच्या वातीतल्या तेलासारखं वर चढतं, साधारण मीटरभर. चढताना जमिनीतले क्षार सोबत घेऊन येतं. चुन्याच्या गिलाव्यातून ते पाणी वाफ होऊन निघून जातं आणि क्षार गिलाव्यात साठतात. हळूहळू गिलावा भुसभुशीत होतो, वीट मात्र वाचते. म्हणजे गिलावा स्वतः झिजतो आणि भिंतीला राखतो. पाचपंचवीस वर्षांनी तो खरवडून नवा करायचा, एवढाच व्यवहार असतो.

तुम्ही त्या भिंतीला दोन्ही अंगांनी रेनकोट घातलात. पाण्याला बाहेर पडायला वाट राहिली नाही, म्हणून ते आणखी वर चढलं. गिलावा आणि वीट यांच्यामध्ये क्षारांचे खडे बनले, फुगले आणि विटेचा पापुद्रा उचलून बाहेर आले. तुमच्या हातात येणारे पोपडे जरा उलटून पाहा, मागे विटेची लाल पावडर असेल.

सिमेंटचं वयही ध्यानात घ्या. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ ॲस्पडिनने १८२४ साली घेतलं आणि ते सर्रास वापरात यायला पुढे कित्येक दशकं गेली. तुमचं घर ज्या हातांनी बांधलं त्यांना चुनाच ठाऊक होता. भिंत त्या हिशोबाने उभी आहे.

हरकत_नाही
झालं, चुना म्हणजे अमृत आणि सिमेंट म्हणजे विष! मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, या सुराची आता ॲलर्जी झाली आहे. 'भिंत श्वास घेते' असं कुणी म्हणालं की मी विचारतो, नाक कुठे आहे? भिंतीतून वाफ बाहेर जाते, एवढंच म्हणा. तेवढं खरं आहे आणि पुरेसं आहे.

पण मूळ मुद्दा असा की गिलाव्याची चर्चा नंतरची. आधी घर उभं राहणार आहे का ते बघा. तुळई कुजली असेल तर आजच तिच्याखाली टेकू लावा आणि त्या खोलीत माणसं बसवू नका. भिंत ओळंब्यात आहे का, मधे पोट आलंय का, हे तपासून घ्या. त्यासाठी जुन्या बांधकामावर हात बसलेला इंजिनिअर शोधा. दारातून 'पाडा' म्हणणारा नको, तसाच 'काही होत नाही' म्हणणाराही नको.

स्लॅबबद्दल मात्र मी चुनखडींच्या बाजूने आहे. पाच इंची स्लॅबचं वजन दर चौरस मीटरला ३०० किलोच्या पुढे जातं. तुमच्या भिंतींना आणि पायाला इतक्या वर्षांत कौलारू छपराची सवय आहे, ते ओझं याच्या जवळपासही नाही. दीडशे वर्षांत बसलेला पाया नव्या ओझ्याने पुन्हा बसायला लागला तर तुमची एक भेग चार पिल्लं घालेल.

उंबरठा
चुनखडी, पोपडे उलटून पाहिले. लाल पावडर आहे. :(
हरकत_नाही, टेकू आजच लावतो. भेगेचं काय करू? दुसरे सल्लागार म्हणतात, लोखंडी पट्ट्या ठोकून आवळून टाकू आणि वरून सिमेंट भरू.

हरकत_नाही
भेग आधी वाचायची, मग भरायची. वर रुंद आणि खाली बारीक असेल तर बहुधा भिंतीचं एक टोक खचतंय. ती जिवंत आहे की मेलेली, हे एका दिवसात कळत नाही. भेगेच्या दोन्ही अंगांना पेन्सिलीने दोन बारीक खुणा करा, त्यांच्यातलं अंतर मोजा, बाजूला तारीख घाला. दर महिन्याला पुन्हा मोजा आणि हे वर्षभर करा. जमीन चिकणमातीची असेल तर उन्हाळ्यात ती आकसते, पावसात फुगते आणि भेग त्याबरोबर उघडमीट करते. अशा भेगेत सिमेंट भरलं तर पुढच्या फुगण्याला जागा राहत नाही आणि शेजारी नवी भेग पडते.

दर महिन्याला एकाच दिशेने वाढत गेली, तर मात्र थांबू नका.

कोनाडा
लोखंडी पट्ट्यांवरून आठवलं. अथेन्सच्या पार्थेनॉनचे दगड प्राचीन कारागिरांनी लोखंडी आकड्यांनीच जोडले होते, पण आकड्यांभोवती शिसं ओतून. शिशामुळे लोखंडाला पाणी लागत नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निकोलाओस बालानोस या अभियंत्याच्या देखरेखीखाली दुरुस्ती झाली, तेव्हा नवे लोखंडी आकडे शिशाविनाच बसवले. ते गंजले. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे संगमरवर आतून फुटला. हल्लीच्या कामात ते आकडे काढून टायटॅनियमचे घालताहेत. दुरुस्तीचीच दुरुस्ती!

तुमच्या ओल्या भिंतीत उघडं लोखंड ठोकलं तर तेच होणार. पट्ट्या लागल्याच, तर स्टेनलेस स्टीलच्या घ्या.

निवांत
वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: ओल जमिनीतून येते की घरातल्या हवेची, हे घरबसल्या कळतं का?

चुनखडी
बाळबोध अजिबात नाही. भिंतीचा हातभर तुकडा पुसून कोरडा करा, त्यावर ॲल्युमिनियमचा कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवा आणि दोन-तीन दिवस ठेवा. पाणी कागदाच्या खोलीकडच्या बाजूला धरलं तर ते हवेतलं आहे, म्हणजे खिडक्या उघडा. कागदाखाली धरलं तर भिंतीतलं. दोन्हीकडे धरलं तर दोन्ही, आणि आमच्या घरी नेमकं तेच निघालं होतं.

रंधा
सुतारकाम करतो, म्हणून तुळईपुरतंच बोलतो.

भिंतीत गेलेलं टोकच आधी कुजतं, कारण तिथे वारा लागत नाही आणि ओल्या भिंतीचा शेजार असतो. टोकदार टोचा घ्या आणि दर वितीवर टोचत जा. चांगल्या लाकडात तो रुततच नाही, कुजक्यात लोण्यात गेल्यासारखा जातो. कुजकं कुठे संपतं तिथे खूण करा. बहुतेक वेळा हात-दीड हातच गेलेलं असतं. तेवढ्यासाठी अख्खी तुळई काढायला लावणारा माणूस तुळई विकत असतो!

कुजकं कापायचं, चांगल्या लाकडात फूटभर आत जाऊन लांब तिरका सांधा घालायचा, त्याच जातीचा वाळलेला तुकडा जोडायचा. किती लांब सांधा आणि किती बोल्ट, ते हरकत_नाही यांच्यासारख्या माणसाकडून काढून घ्या, कारण टोकावर सगळा भार येतो. नवं टोक भिंतीत बसवताना भोवती बोटभर मोकळी जागा सोडा. चुन्याने चिणून टाकलंत तर पुढच्या पिढीला हाच धागा पुन्हा काढावा लागेल.

कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओल लागते. त्याखाली आणून ठेवलंत की ती थांबते, औषध लावा न लावा. किड्याची भोकं दिसली तर घाबरू नका. खाली काळा कागद अंथरून ठेवा. आठवड्याने त्यावर ताजी फिकट भुकटी पडली तरच किडा आत आहे, नाहीतर तो कधीच जेवून गेला. वाळवीचं वेगळं, तिच्या मातीच्या नळ्या भिंतीवरून चढताना दिसतात. त्या मोडून पाहा, पुन्हा बांधल्या तर वस्ती चालू आहे.

आणि जोडलेलं नवं लाकूड पॉलिश मारून जुन्यासारखं करून देतो. कळणारसुद्धा नाही.

कोनाडा
रंधादादा, बाकी सगळ्याला सलाम, शेवटच्या ओळीला हरकत. जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वं सांगणाऱ्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत अगदी यावरच कलम आहे: नवा भाग जुन्याशी मिळून यावा, पण मुळातला म्हणून खपू नये. तिथेच असंही म्हटलंय की अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. जवळून पाहणाऱ्याला जोड कळू दे. पन्नास वर्षांनी कुणी तुळई तपासेल, तेव्हा कुठलं लाकूड कधीचं हे त्याला समजायला नको का?

रंधा
तुमची सनद देवळा-किल्ल्यांची. हे राहतं घर आहे. बाई रोज वर बघणार आणि ठिगळ दिसणार. जपानमध्ये इसेचं देऊळ दर वीस वर्षांनी नव्या लाकडात आख्खं पुन्हा बांधतात, २०१३ साली बासष्टाव्यांदा बांधलं. तिथे जुनं काय म्हणाल? लाकूड की सुताराचा हात?

कोनाडा
हा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण इसेमध्ये कुणी नव्या लाकडाला जुनं म्हणून रंगवत नाही, ते पिवळंधमक दिसतं आणि तसंच दाखवतात. मधला मार्ग सुचवते: रंग जुळवा, पण जोडाच्या वरच्या, न दिसणाऱ्या अंगावर साल कोरून ठेवा.

रंधा
साल कोरायला माझी ना नाही. माझं नावही कोरीन.

सावळी
लाकडाचा विषय निघाला म्हणून आमची फजिती सांगते. जुन्या दारांना जवसाचं तेल चोळत होतो. काम झाल्यावर तेलाची फडकी बोळे करून पत्र्याच्या डब्यात टाकली आणि जेवायला गेलो. परत आलो तर डब्यातून धूर! आसपास काडी नाही, विजेचं काही नाही. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. फडकं पसरलेलं असलं तर उष्णता निघून जाते, बोळा असला की साठत जाते आणि फडकं आपोआप पेटतं. तेव्हापासून फडकी बाहेर दोरीवर सुटी वाळत घालते, नाहीतर पाण्यात बुडवते.

दुसरं म्हणजे जुना रंग कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं आणि धूळ नाकात जाते. अमेरिकेत घरांसाठी असा रंग १९७८ साली बंद झाला, म्हणजे तोवर तो राजरोस लावला जात होता. ओला करून खरवडा, मुखपट्टी बांधा, पोरांना लांब ठेवा.

उंबरठा (तीन आठवड्यांनी)
छत्री घेऊन चक्कर मारली. लाज वाटते सांगायला. पूर्वेच्या भिंतीवरची पन्हळ जिथे खाली उतरते तिथला नळ जमिनीपासून चार फुटांवर तुटला आहे. सगळ्या छपराचं पाणी गेली कित्येक वर्षं थेट भिंतीच्या बुडाशी पडतंय. आणि त्या बाजूला बागेची माती जोत्याच्या वर नऊ इंच चढली आहे, म्हणजे विटा मातीत गाडलेल्या. तुळईचं कुजकं टोक नेमकं या तुटक्या नळाच्या रेषेत वर येतं. तिथलंच एक कौल सरकलेलं निघालं.

एवढं मोठं दुखणं, आणि कारण म्हणजे हातभर नळ आणि दोन फावडी माती. रसायनवाल्याला नको म्हणून कळवलं.

हरकत_नाही
बरं केलंत. दोन फुटी भिंतीच्या पोटात दगड-मातीची भर आणि पोकळ्या असतात. रसायन पोकळीत वाहून जातं, सलग थर होईलच याची खात्री नसते. शिवाय वरून नळ ओतत असेल तर खालून बूच मारून काय होणार!

माती काढताना एकदम खोल खणू नका. पायाच्या तळापर्यंत तर बिलकुल जाऊ नका. थोड्या थोड्या लांबीत काढा आणि उतार घरापासून बाहेर द्या.

चुनखडी
आता सिमेंट काढायला घ्या, पण यंत्राने नको. हातोडी आणि छिन्नी, छिन्नी भिंतीला तिरकी धरून. जिथे सिमेंट विटेचं तोंड घेऊनच निघतंय तिथे थांबा, तेवढा तुकडा राहू दे. काढून झालं की भिंत उघडी सोडा. दोन फुटी भिंत वाळायला एक अख्खा कोरडा हंगाम द्या, जास्त लागला तरी आश्चर्य नको. वर आलेला लोणा कोरड्या ब्रशने झाडून बाहेर फेका. पाण्याने धुतलात तर तो विरघळून पुन्हा आत जाईल.

तोवर चुना तयार करून ठेवा. कळीचा (भाजलेला, अजून न विरलेला) चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उकळी फुटते आणि अंगावर उडतं. डोळ्यांना चष्मा हवाच, मी एकदा डोळा थोडक्यात वाचवला आहे. विरलेला चुना पाण्याखाली जितका मुरेल तितका चांगला. प्लिनी हा रोमन लेखक सांगतो की जुन्या नियमांनुसार तीन वर्षांपेक्षा कमी मुरलेला चुना ठेकेदाराला वापरता येत नसे. तीन वर्षं कोण थांबणार, पण तीन महिने थांबा.

एक भाग चुना, तीन भाग धारदार कणांची वाळू. ओलसर जागी थोडी विटेची पूड, म्हणजे सुरखी घाला, तिच्यामुळे चुना ओलीतही धरतो. थर बोटाच्या पेरापेक्षा जाड नको. नंतर ओली गोणपाटं लटकवा. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो आणि ते काम महिन्याला जेमतेम मिलिमीटरभर आत सरकतं. घाईने वाळवलात तर भुगा होईल.

निवांत
घाईचा माणूस असेल त्याने नैसर्गिक जलीय चुना घेऊ नये का? तो पाण्यानेच धरतो म्हणे.

चुनखडी
घ्यावा की. मुळात माती मिसळलेल्या चुनखडीचा चुना पाण्याखालीही घट्ट होतो, हे जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याने इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या एडिस्टनच्या दीपगृहासाठी प्रयोग करताना ओळखलं, ते दीपगृह १७५९ साली पुरं झालं. या चुन्यात कमी-अधिक ताकदीचे प्रकार मिळतात. विटेपेक्षा मऊ असेल तोच घ्या. दर्जा (विटांमधले सांधे) भरतानाही तेच, कारण झिजायचं झालं तर दर्जेने झिजावं, विटेने नाही.

फुलपाखरू
दर्जा की दरज?

चुनखडी
आमच्या गवंड्याच्या तोंडी दर्जा. शब्दकोशवाल्यांनी वेगळा धागा काढावा, इथे थापी हातात आहे.

उंबरठा (अकरा महिन्यांनी)
धागा वर काढतो, राग मानू नये.

नळ बदलला, माती काढली, सिमेंट उतरवलं. पहिले दोन महिने भिंतीने इतका लोणा ओकला की रोज सकाळी पांढरी रांगोळी झाडत होतो. मग कमी होत गेला. ओलीची रेघ कमरेवरून घोट्यावर आली आहे. काही विटांची तोंडं सिमेंटबरोबर गेलीच, त्यांतल्या अगदी पोकळ झालेल्या चौदा विटा बदलल्या.

तुळईला सांधा घातला, पाच फुटांचा. आमच्या सुतारांना रंधा आणि कोनाडा यांचं भांडण वाचून दाखवलं. त्यांनी वरच्या अंगाला साल कोरलं आणि शेजारी स्वतःचं नाव, न विचारता. रंग अजून जुळवलेला नाही. बायको म्हणते, दिसू दे.

भेगेचे आकडे: उन्हाळ्याच्या शेवटी खुणांमधलं अंतर सर्वांत जास्त, पावसानंतर दीड मिलिमीटरने कमी, आता पुन्हा वाढतंय पण गेल्या वर्षीच्या आकड्याच्या पुढे गेलेलं नाही. इंजिनिअरने पाहून सांगितलं, चुन्याने भरा आणि पेन्सिल जपून ठेवा.

आतून चुन्याचा गिलावा झाला. आता चुन्याचाच रंग देतोय, दुधासारखा पातळ. तीन हात झाले तरी भिंत ढगाळ दिसते. चौथा द्यायचा की थांबायचं?

चुनखडी
ओला असताना तो पारदर्शकच दिसतो, वाळताना पांढरा होत जातो. तिसरा हात कधी दिलात?

उंबरठा
आज सकाळी.

चुनखडी
मग परवापर्यंत त्या खोलीत जाऊच नका. चौथा देताना आधी भिंतीवर पाण्याचा हलका फवारा मारा.